यात्रा होईस्तवर

ज्वारी काढणीला आली की लोकांच्या तोंडावर तेज येतं. मला मात्र ते दिवस नकोसे होतात. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना बाया ओळीनं बसलेल्या दिसतात, ताटं उपटून आडवी पडत असतात, कडब्याचा गोडसर वास येतो आणि मी पदर नाकाला लावून भराभरा चालायला लागते. कुणी विचारलंच तर सांगते, धूळ सोसत नाही. सोलापुरात राहून धूळ कुणाला सोसते? पण सांगायला बरं पडतं.

आम्ही गुरव. होटगीच्या अलीकडं आमचं गाव, गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ, आणि त्याची पूजा आमच्या घराकडं. सुगीच्या ऐन भरात महाशिवरात्र येते. शिवरात्रीला पालखी निघते, अमावास्येला कुस्त्या होतात आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गव्हाच्या हुग्गीचा, म्हणजे खिरीचा, महाप्रसाद. तेवढे दिवस गाव मोकळं सुटलेलं असतं. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं गाड्या घेऊन येतात, पोरी नव्या साड्या नेसून पाळण्यात बसतात. आणि आमच्या घराला बाहेरून कडी लागलेली असते. ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मला लग्न होऊन आल्यापासून दिसते.

यंदा तर माझ्या लेकीला, ज्योतीला, डॉक्टरांनी नेमकी शिवरात्रीच्या आठवड्यातली तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हावं ही सगळ्या जगाची रीत. पण गुरवाच्या घरात यात्रेच्या तोंडावर बाळंतीण आणता येत नाही. घरात जन्म झाला की सोयर लागतं, सोयर लागलं की पूजा बंद. म्हणून ती पुण्यातच राहायची, तिथल्याच दवाखान्यात. आणि मी इथं, नैवेद्याला, असं धरून चालले होते. मागच्या महिन्यात फोनवर ती हसत म्हणाली, आई, तुझ्या महादेवाकडं माझ्यासाठी सुट्टी मागून बघ की. मीही हसले. फोन ठेवून भाकरी थापायला बसले तर हे बाहेरून म्हणाले, काय आपटतीस गं एवढं? मी म्हटलं, पीठ.

'हे' म्हणजे माझे मालक. गाव त्यांना गुरवअण्णा म्हणतं. शांत माणूस. आवाज चढवून बोललेले मी फक्त आरतीत ऐकलेत. पहाटे उठायचं, आंघोळ करायची, ओलेत्यानं देवळात जायचं, शिळा बेल काढायचा, पिंड धुवायची, दिवा लावायचा. संध्याकाळी परत तेच. सोमवारी घरोघरी बेल पोचवायचा. देवळाची मागची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, त्यामुळं घंटा वाजली की माझ्या फळीवरची भांडी थरथरतात. एका लग्नाला आम्ही दोघं मिळून गेलोय असा फोटो आमच्या घरात नाही. ते गेले तर मी मागं, मी गेले तर ते मागं. देव काही म्हणत नाही हो. पण देवाला एकटं कोण सोडणार?

आणि एक सांगते, नुसती कुरकूरच करते असं वाटायला नको. मला ते देऊळ आवडतं. उन्हाळ्यात बाहेर डोकं फुटायची वेळ येते तेव्हा गाभाऱ्यासमोरच्या दगडावर पाय ठेवला की टाळूपर्यंत गार वाटतं. चिंच लावून समई घासली आणि तिचं पिवळं पोट उजळलं की मला उगाचच शहाणं झाल्यासारखं वाटतं. कबुतरं कुठं घाण करतात, पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यात तुंबतं, नंदीच्या कुठल्या कानामागं शेंदूर साचतो, सगळं माझ्या हाताला पाठ आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी हातात खराटा दिला होता आणि म्हणाल्या होत्या की ही तुझी थोरली जाऊ, हिच्याशी पटवून घे. पटवून घेतलं. राग आहे तो खराट्यावर नाही.

राग आहे तो नेमांवर. यात्रेत माझी पाळी येऊ नये म्हणून मी कितीतरी वर्षं गोळ्या खाल्ल्या. औषधाच्या दुकानातला मुलगा मला पाहिलं की न विचारता पाकीट काढायचा. त्या गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, पाय सुजायचे, पण पुरणाच्या पोळीला माझाच हात लागायचा होता. गावाचा नेम असा की शिवरात्रीला माणसांना उपास असला तरी देवाला पुरण, आणि यात्रेतला नैवेद्य गुरवाच्याच चुलीवरचा. आणि दुसरा नेम सुतकाचा. आमच्याकडं सुतक मेल्यावर लागत नाही, ऐकल्यावर लागतं. कुणी गेलं, पण कानावर आलं नाही, तर तुम्ही मोकळे. कुणी तोंडानं सांगितलं की त्या क्षणापासून तुम्ही बांधले गेलात, देवाला शिवायचं नाही. म्हणून यात्रा उभी राहिली की गुरवाचा फोन यात्रेची कमिटी आपल्याकडं घेते. बातम्या कमिटीच्या खिशात जमतात आणि महाप्रसाद उरकला की आम्हाला मिळतात. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. देवळाची काळजी घेण्याची ती एक रीतच आहे.

ते वर्ष मला ह्या कडब्याच्या वासातून आठवतं. ज्योती तेव्हा शाळेत होती. माझी आई, अव्वा, दुधनीला धाकट्या भावाकडं असायची, आणि संक्रांतीपासून तिनं अंथरूण धरलं होतं. दुधनी काही लांब नाही. होटगीला गाडीत बसावं तर सकाळी फडक्यात बांधून घेतलेली भाकरी मऊ आहे तोवर दुधनी येते. आमच्या मागच्या दारात उभं राहिलं की त्या गाडीची शिट्टी ऐकू येते. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती शिट्टी मला गोड वाटायची. त्या वर्षी ती मला शिवी दिल्यासारखी वाटायला लागली.

संक्रांतीनंतर मी एकदा जाऊन आले. सकाळी गेले आणि दिवेलागणीला परत. अव्वा खूप वाळली होती. तिनं माझं मनगट धरलं, सोडेचना. बोलली मात्र सगळं इकडचं तिकडचं, तुमच्याकडं हुरडा कसा झाला, जावयाचा गुडघा कसा आहे. ती सुद्धा गुरवीणच. दुधनीच्या देवळामागच्या घरात तिचा जन्म गेला. निघताना मी म्हटलं, पुढच्या सोमवारनंतर परत येते. ती म्हणाली, ये की. तिच्या तोंडावरनं मला कळलं की तिला ते खरं वाटलेलं नाही.

पुढचा सोमवार आला आणि गावात मळणी सुरू झाली. मळणी म्हणजे आमचं बलुतं. वर्षभर बेल दिला, दिवा लावला, त्याचं गाव धान्य देतं, पण ते खळ्यावर जाऊन घ्यायचं असतं. ज्या दिवशी ज्याची मळणी त्या दिवशी उभं राहायचं, नाहीतर ज्वारी पोत्यात, पोती घरात, आणि मग घरी जाऊन मागणं आलं. ते यांना जमत नाही, मलाही नाही. यांच्यामागं यात्रेची धावपळ, म्हणून खळ्यावर मी. मळणीयंत्र घरघरायचं, भुसा उडायचा, अंग खाजून लाल व्हायचं. लोक सुपं भरभरून घालायचे. वाईट कशाला बोलू, मनापासून घालायचे. घ्या वैनी, देवाचं हाय, म्हणायचे. मी पोतं पुढं करायची आणि मनात म्हणायची, अरे बाबांनो, ज्वारी राहू द्या, मला एक दिवस द्या. तोंडानं बोलले नाही. ज्यानं ओंजळ पुढं केलीय त्याला आणखी काय मागायचं?

यांना म्हटलं एका संध्याकाळी, दुधनीला जाऊन येते. हे चप्पल काढता काढता थांबले. म्हणाले, कुंभारीच्या दादाला बोलावू. कुंभारीला यांचे चुलतभाऊ आहेत, अडीनडीला तेच बायकोला घेऊन येतात आणि देऊळ, चूल दोन्ही सांभाळतात. फोन लावला तर दादा पाय मोडून प्लास्टरमध्ये पडलेले, आणि बायको त्यांच्यापाशी. यांनी फोन ठेवला. मग आम्ही दोघं भिंतीला टेकून बसून राहिलो. थोड्या वेळानं हे म्हणाले, यात्रा होईस्तवर बघू. मी उठून वात वळायला घेतली.

आज कधी विचार करते तर वाटतं, मला कुणी धरून ठेवलं होतं का? कुणी नाही. दाराला कुलूप नव्हतं, गाडी रोज जात होती, तिकिटाचे पैसे होते. पण पाय उचलला की डोळ्यासमोर रिकामं ताट यायचं, देवासमोरचं. गाव जमलंय, पालखी दारात आलीय आणि गुरवाच्या चुलीला धूर नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अव्वाला तसंच करताना बघत वाढले, एवढंच.

शिवरात्रीच्या सकाळी तम्माचा फोन येईल असं मला वाटत होतं. तम्मा म्हणजे माझा भाऊ. पण फोन तर कमिटीच्या बाबूरावांकडं. बाबूराव माणूस धडधाकट, आवाज खणखणीत, यात्रेत शिट्टी गळ्यात अडकवून फिरणार. त्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले. काही काम नव्हतं. उंबऱ्याबाहेरून विचारलं, वैनी, च्या घेतला का? ह्या माणसानं आजवर मला चहा घेतला का विचारलं नव्हतं. मी मान हलवली. ते उगाच छपराकडं बघत उभे राहिले आणि निघून गेले. मग शेजारची शांताबाई पाणी भरून द्यायला आली. ती एरवी तोंड उघडलं की मिटत नाही. त्या दिवशी मुकाट्यानं हंडे ठेवले, जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता गेली.

मला कळलं.

पुरण वाटत होते. हात थांबला नाही. विचारायला उठले असते तर बाबूराव देवळाच्या अंगणातच होते. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलता आलं नसतं. त्यांनी खरं सांगितलं असतं की मी चुलीवरून उठणार, हे गाभाऱ्यातून बाहेर येणार, पालखी तिथंच उतरणार. म्हणून विचारलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्यात दुसरंही एक होतं. कुणी सांगत नव्हतं तोवर अव्वा होती. मी पोळ्या लाटत होते तोवर ती दुधनीत खाटेवर पडून माझी वाट बघत होती. हे मला सोडवत नव्हतं. त्या दिवसांत मी इतका चांगला स्वयंपाक केला की लोक अजून नाव काढतात.

यांच्याशी मी नजर मिळवली नाही, त्यांनीही माझ्याशी नाही. जेवायला वाढलं की ते ताटात बघून जेवायचे. मला वाटायचं, थकलेत.

महाप्रसादाची शेवटची पंगत उठली, पत्रावळ्या गोळा झाल्या, आणि बाबूराव मागच्या दारी आले. शिट्टी काढून खिशात ठेवलेली. यांनाही बोलावलं. मान खाली घालून म्हणाले, वैनी, दुधनीची अव्वा गेली. शिवरात्रीदिवशी पहाटं. मी त्यांना म्हटलं, बरं. ते गेल्यावर यांच्याकडं वळले.

"मला म्हाईत होतं," मी म्हटलं.

"मलाबी," हे म्हणाले.

एका घरात, एका चुलीशी आम्ही दोघं तेवढे दिवस तेच मनात धरून वावरत होतो, आणि एकमेकांना सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर मला सुतक लागलं असतं. मी सांगितलं असतं तर त्यांना. यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि मग ते तोंडावरच धरून ठेवलं. मला मात्र रडू आलं नाही. निघायला उठले तर पायातली चप्पल कुठं ठेवली ते आठवेना.

दुधनीला पोचलो तर सगळं उरकलं होतं. माती झालेली, खाट उभी करून भिंतीला लावलेली, घर सारवलेलं. मी तम्माला धरलं. बायामाणसांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, माणूस पाठवायचा होतास, दारात उभं राहून ओरडायचं होतंस, ती यात्रा काय आभाळातनं पडली होती? तो बिचारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, अक्का, बाबूरावांना मी फोन केला तो आदल्या रात्री तिनं जे बजावलं होतं तेच सांगायला केला. शेवटचं नीट बोलली ती तेवढंच.

"आकीगे हेळब्याड्री," अव्वा तिच्या कानडीत म्हणाली होती. "जात्री मुगीली."

तिला सांगू नका. यात्रा होऊ द्या.

म्हणजे कडी अव्वानं लावली होती. मी नवऱ्यावर चिडले होते, गावावर चिडले होते, त्या पिंडीवर सुद्धा, आणि आतून कडी लावणारी बाई माझी आई निघाली. तिला ठाऊक होतं मी काय सोसतेय. तिची आई गेली तेव्हा तीसुद्धा अशीच कुठल्याशा यात्रेत नैवेद्य रांधत होती, हे मला पुढं मावशीनं सांगितलं. एकदा सोसलेली बाई दुसरीला सोडवील असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. तिला वाटलं असेल, लेकीला त्रास नको, लेकीच्या घराचं नाव खाली नको. मायेनंच केलं तिनं. आणि मायेनं केलेल्याचा राग कुठं नेऊन ओतायचा ते मला आजवर सापडलेलं नाही.

त्यानंतर देवळाला पुष्कळ काही झालं. फरशी बसली, मोठी कमान उभी राहिली, कॅमेरे लागले, कळसाला रंग दिला. गाव देवाला कमी करत नाही. आमच्या स्वयंपाकघरावर अजून पत्रा आहे आणि बलुतं आटत चाललंय, कारण ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि उसाचं बलुतं कसं देतात ते कुणाला माहीत नाही. त्याबद्दल माझं फार म्हणणं नाही. खायला मिळतं. लेक शिकली, पुण्यात नोकरीला लागली. ती पहिल्यांदा गावाबाहेर निघाली तेव्हा लोक म्हणाले, गुरवीणबाईच्या डोळ्यात पाणी नाही, दगडाची आहे. मी खूश होते. एक तरी सुटली.

आणि यंदा तीच बोलावत होती, आणि मी कॅलेंडरवर शिवरात्र बघत होते.

मागच्या आठवड्यात कमिटी आमच्या ओसरीवर बसली. दर वर्षी बसते, यात्रेचं ठरवायला. बाबूराव आता थकलेत, कानाला मशीन आलंय, तरी मधोमध तेच. पालखीचा रस्ता, मांडव, वाजंत्री असं सगळं बोलून झालं. मी आत चहा गाळत होते. मी स्वतःला गेले महिनाभर सांगत होते की हे आपसूक काहीतरी बोलतील. हे बोलले नाहीत. पण चहाचा ट्रे घ्यायला आत आले आणि ट्रे न उचलता उभे राहिले. त्यांच्या मनात तेच होतं. इतकी वर्षं एका भिंतीमागं काढली, एवढं कळतं. त्यांच्याच्यानं होईना. मग ट्रे मीच उचलला आणि बाहेर गेले.

म्हटलं, यंदा नैवेद्य माझ्याच्यानं होणार नाही. लेकीचं बाळंतपण आहे, मी पुण्याला जाणार आहे.

मी भांडणाची तयारी करून आले होते. देव उपाशी राहील का म्हणतील, गुरवाच्या चुलीचा नेम मोडतेस का म्हणतील, सासूबाईंचं नाव काढतील. एकेकाला काय उत्तर द्यायचं ते मी भाकरी थापताना, रांगोळी काढताना, भांडी घासताना पाठ करून ठेवलं होतं. त्यातली काही उत्तरं तर त्या वर्षापासूनची होती. अव्वाच्या वेळची.

बाबूरावांनी कपातला चहा बशीत ओतला.

"जावा की वैनी," ते म्हणाले. "त्यात काय? आमची सून करंल नैवेद्य. सोवळ्यानं करती ती समदं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, पोरगी एकटी हाय तितं, गेलंच पायजे. दुसऱ्यानं गाडीचं विचारलं. आणि बोलणं परत मांडवावर गेलं. बशीतला चहा निवायच्या आत माझं काम झालं होतं.

मी तिथंच उभी. सगळ्यांना वाटलं, ट्रे न्यायला थांबलेय. माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी ठरवलेले नव्हते. बाबूरावांच्या मशीनच्या बाजूला वाकून मी विचारलं, त्या वर्षी, अव्वाच्या वेळी, मी असं म्हटलं असतं तर?

बाबूरावांनी रिकामी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. आठवत होते की काय सांगावं ते शोधत होते, देव जाणे.

"तवाबी कुणीतरी केलंच असतं की," ते म्हणाले. "तुमी कदी बोलला न्हाईत."

खरं बोलले का? की आता दिवस बदललेत म्हणून बोलायला सोपं गेलं? तेव्हाच्या गावानं खरंच मला सोडलं असतं का? नसेलही. मला अजून ठरवता येत नाही, आणि आता ते ठरणारही नाही. मी ट्रे उचलला, आत आले, कप मोरीत ठेवले आणि मोरीपाशीच खाली बसले. अव्वा गेली तेव्हा आलं नव्हतं ते सगळं आलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर गेला असणार, कारण हे आत आले. माझ्यापुढं उकिडवे बसले. गुडघा दुखतो त्यांचा, तरी बसले.

"आता का रडतीस?" ते म्हणाले. "जा म्हणालेत की."

"म्हणूनच," मी म्हटलं.